ईटनसाठी गिओलिटो दिला, म्हणजे नॅशनल्स फसले?

बॅकस्टॉप
काल इथे एकाने अमेरिकन बेसबॉलमधल्या एका ट्रेडबद्दल (खेळाडूंची अदलाबदल) ठोकून दिलं, "ल्युकस गिओलिटोला सोडणं हा नॅशनल्सचा दशकातला सर्वांत मूर्ख ट्रेड. हिरा हातात होता, ओळखता आला नाही." खाली लाइकांचा पाऊस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबर 2016 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सनी आउटफिल्डर ॲडम ईटनच्या बदल्यात शिकागो व्हाइट सॉक्सला दिलेला पिचर (बॉल फेकणारा) गिओलिटो आणि 2019 मध्ये व्हाइट सॉक्सकडून चमकलेला गिओलिटो यांच्यात उंची सोडून फारसं काही सारखं नव्हतं. दिला तेव्हा मेजर लीगमध्ये (सर्वोच्च स्तर) 21.1 इनिंग्ज (म्हणजे 21 आणि एक तृतीयांश), ईआरए 6.75 (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा, कमी तितका चांगला). पुढे शिकागोत 2018 ला पूर्ण हंगाम मिळाला, तर ईआरए 6.13, वॉक (चार चुकीच्या बॉलवर बॅटरला फुकट बेस) 90. पुरेशा इनिंग्ज टाकलेल्या पिचरांमध्ये सर्वांत वाईट ईआरए. तेव्हा हेच लाइकवाले "नॅशनल्सनी बरोबर कचरा काढला" म्हणत होते.

2019 ला 14 विजय, 9 पराभव, ईआरए 3.41, 176.2 इनिंग्जमध्ये 228 स्ट्राइकआउट (बॅटर तीन स्ट्राइकवर बाद). मधल्या एका हिवाळ्यात काय झालं? सिंकर (खाली बुडणारा वेगवान बॉल) पूर्ण बंद, कर्व्ह (हळू, वळणारा बॉल) जवळजवळ बंद. फोर-सीम (सरळ वेगवान बॉल) स्ट्राइक झोनच्या वरच्या कडेला, त्याच उंचीवरून सुटणारा चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा हळू बॉल) खाली, मधे चवीपुरता स्लायडर (आडवा वळणारा बॉल). हात मागे लांब फिरायचा तो आखूड केला. वेग सरासरी ताशी 92 मैलांच्या आसपास होता, तो 94 च्या घरात गेला. यातलं नॅशनल्सना 2016 मध्ये काय दिसायला हवं होतं?

शिकागोकर
अहो, हेच तर दिसायला हवं होतं! 2012 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) सोळावा घेतला, चार वर्षं तुमच्या फार्ममध्ये (कनिष्ठ संघांत) होता. त्याचा फोर-सीम वरून, भरपूर बॅकस्पिन घेऊन येतो. असा बॉल गुडघ्याच्या उंचीवर टाकला की सरळ बॅटवर. तरी "खाली ठेव, ग्राउंडबॉल काढ" (बॅटरला जमिनीवर मारायला लाव) हाच मंत्र. त्या काळी निम्म्या लीगला या सिंकरवेडाची लागण झाली होती आणि त्यात किती हात वाया गेले देव जाणे. पिट्सबर्गनी पिचर टायलर ग्लासनाऊचं काय केलं? 2018 ला बुलपेनमध्ये (बदली पिचरांत) बसवला, जुलैअखेर टँपा बेच्या पिचर क्रिस आर्चरसाठी दिला, आणि पुढच्याच वर्षी टँपा बेनी 12 स्टार्टमध्ये (सामना सुरू करणारा पिचर म्हणून) 1.78 ईआरए काढून दाखवला.

बॅकस्टॉप
@शिकागोकर मग 2017 आणि 2018 ही दोन वर्षं तो कुणाकडे होता? 2018 चा सिंकर शिकागोतच पडत होता ना? हात आखूड करण्यात मोठा वाटा एथन कॅट्झचा, म्हणजे त्याच्या हायस्कूलच्या कोचचा. व्हाइट सॉक्सनी कॅट्झला पिचिंग कोच नेमलं ते 2021 साठी, पोरगं सुधारून झाल्यावर.

शिकागोकर
पण 2018 ला 6.13 असूनही रोटेशनमधून (सामना सुरू करणाऱ्या पिचरांच्या पाळीतून) काढला नाही, 173 इनिंग्ज टाकू दिल्या. हे श्रेय कुणाचं?

बॅकस्टॉप
100 सामने हरलेल्या संघाकडे दुसरं होतंच कोण!

सरासरीवाला
नशिबाचा भाग किती, हे बघायला ईआरए सोडा. स्ट्राइकआउटचं प्रमाण 16.1 टक्क्यांवरून 32.3, वॉक 11.6 वरून 8.1. क्षेत्ररक्षण किंवा मैदान तुम्हाला दुप्पट स्ट्राइकआउट देत नाही. शिवाय हे 2019 मध्ये, जेव्हा लीगमध्ये 6,776 होमरन (थेट कुंपणापार फटका) पडले. बॉल इतका उडत असलेल्या त्या वर्षात वरच्या कडेला फोर-सीम टाकायला छाती लागते. मॅकॅनही त्याच वर्षी कॅचर म्हणून आला. ग्लव्ह वर धरून बसणारा कॅचर हवाच.

कोपरकर
सगळे "हात आखूड केला" एवढंच धरून बसलेत, माझा आक्षेप तिथे आहे. त्या हंगामानंतर जो तो अकादमीवाला चौदा वर्षांच्या पोरांचे हात आखूड करत सुटलाय. काय होतं ते सांगतो. पोरगं हात कानाजवळ लवकर आणतं, पण पुढचा पाय अजून हवेत असतो. हात वर येऊन थांबतो, कमर मागून येते. कंबर आणि खांद्यातला पीळ संपला की उरतं फक्त ढकलणं, डार्ट फेकल्यासारखं. वेग जातो, बॉल उजव्या हाताच्या बाजूला वर निसटतो, आणि तो वेग भरून काढायला पोरगं कोपरानं ओढतं.

प्लायोवाला
@कोपरकर चुकीचा शिकवला तर काहीही बिघडतं. मूळ अडचण लांब हाताची आहे. पुढचा पाय टेकतो त्या क्षणी फोरआर्म उभा हवा, बॉल डोक्याच्या उंचीला. लांब वळसा घेणारा हात तेव्हा खालीच असतो, मग खांदा पुढे जातो आणि कोपर मागे रखडतं. कोपराच्या आतल्या लिगामेंटवर ताण येतो तो तिथे. गिओलिटोची टॉमी जॉन (त्याच लिगामेंटची शस्त्रक्रिया) झाली 2012 ला, लांब हातावर. हे सोयीस्कर विसरायचं?

कोपरकर
आणि मार्च 2024 ला त्याच कोपरात शस्त्रक्रियेनं ब्रेस (लिगामेंटला आतून आधार) बसवला तो कुठल्या हातावर? आखूडच ना?

प्लायोवाला
मधल्या बारा वर्षांत हजारो पिच टाकल्या. एका माणसाच्या दोन शस्त्रक्रियांवरून नियम काढणार असाल तर नमस्कार.

कोपरकर
पहिल्या शस्त्रक्रियेवरून नियम तुम्हीच काढलात, साहेब. वर वाचा.

प्लायोवाला
बरं, मान्य, दोघांनीही काढू नये. खूश? आता कामाचं बोलू. हात आखूड "कर" म्हणून होत नाही. आधी हात ग्लव्हमधून उशिरा सोडायचा. मागचा वळसा आपोआप लहान होतो, आणि हात लवकर वर येऊन ताटकळण्याचा तुमचा दोष टळतो. मग पिव्हट पिकऑफ: भिंतीकडे आडवं उभं राहायचं, पाय जागेवर, फक्त छाती मागे वळवायची आणि भिंतीवर फेकायचं. आधी 1 किलोचा मऊ बॉल, मग 450 ग्रॅमचा. जड बॉल लांब फिरवताच येत नाही, म्हणून हात स्वतःच जवळची वाट शोधतो. पूर्ण जोर लावायचा नाही, आणि नेहमीचा 145 ग्रॅमचा बॉल लगेच हातात द्यायचा नाही.

कोपरकर
चौदा वर्षांच्या पोराला 1 किलो? धन्य आहात.

प्लायोवाला
पोरांना देऊ नका, हे मीही म्हणतो. पण कमरेचं काय? गिओलिटोनी कोअर व्हेलॉसिटी बेल्ट वापरला तो कमरेसाठी. पट्ट्याला रबर बँड, बँड मागे बांधलेला. पुढे पाऊल टाकताना तो ओढ देतो आणि कमरेला त्याविरुद्ध वळावं लागतं. हात आखूड केला आणि कमर तशीच आळशी ठेवली, तर तुम्ही वर लिहिलंय तेच होणार.

यॉर्करराजा
आमच्या बुमराहचा रनअप बघा, आखूड म्हणजे काय ते कळेल.

कोपरकर
@यॉर्करराजा क्रिकेटमध्ये कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ केलं की नो-बॉल. इथे कोपर वाकवून झटक्यात उघडणं हाच सगळा खेळ. दोन्हींत हात आहे, एवढंच साम्य. मधे पडू नका.

यॉर्करराजा
रागावता कशाला राव! स्लोअर बॉल तर तोच ना, चेंजअप म्हणा नाहीतर काही.

सरासरीवाला
तो मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. गिओलिटोच्या फास्टबॉल आणि चेंजअपमध्ये साधारण ताशी 12 मैलांचा फरक, आणि हाताचा वेग मात्र तोच. पिचर घाबरून हात हळू करतो तिथे चेंजअप मरतो. बॅटरला ते कळतं. बॉल तळहाताकडे खोल धरायचा आणि फोर-सीमइतक्याच ताकदीनं हात मारायचा, वेग पकडीतच मरतो. गिओलिटो तो उजव्या बॅटरलाही टाकायचा. जुन्या कोचांना ते चालत नसे, "उजव्यानं उजव्याला चेंजअप नको" हे पाठ करून घेत. लांब हात असता तर बॉल पाठीमागून दिसला असता. आखूड हातात तो डोक्यामागे लपतो, म्हणून चेंजअप ओळखायला उशीर होतो.

शिकागोकर
मूळ प्रश्नाकडे या. एका गिओलिटोबरोबर रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंगही दिले होते. तीन पिचर! 2018 ला लोपेझनी 188.2 इनिंग्ज, 3.91 ईआरए काढले. आणि ईटन? एप्रिल 2017 मध्ये गुडघा गेला, 23 सामने. 2018 ला 95.

बॅकस्टॉप
2019 ला 151. आणि वर्ल्ड सिरीजमध्ये (विजेतेपदाची अंतिम मालिका) 2 होमरन, त्यातला एक सहाव्या सामन्यात पिचर व्हरलँडरला. तो सामना हरले असते तर सातवा झालाच नसता. गिओलिटोचा तो सोनेरी हंगाम 72-89 वाल्या संघात गेला. विजेतेपदाची अंगठी कुणाच्या बोटात आहे?

शिकागोकर
म्हणजे निकाल लागला की ट्रेड बरोबर? मग मघाशी 2016 चं 2016 मध्येच मोजा, असं कोण म्हणत होतं?

बॅकस्टॉप
2016 मध्येच मोजतो. ईटनचा करार स्वस्त, पाच हंगाम हातात, आणि नॅशनल्सना तेव्हाच जिंकायचं होतं. तीन पिचर जास्त दिले म्हणता? असतील. एक कमी देता आला असता, एवढं तुमच्या समाधानासाठी लिहून देतो.

शिकागोकर
उपकार झाले. तो एक गिओलिटोच असायला हवा होता.

सरासरीवाला
2019 ते 2021 ईआरए 3.41, 3.48, 3.53. 2022 ला 4.90. 2023 मध्ये तीन संघ फिरून 41 होमरन. वेग थोडा उतरला की वरच्या कडेचा फोर-सीम कुंपणापार जातो, कारण तिसरी भरवशाची पिच कधी तयारच झाली नाही. दोघंही हे सोडून भांडताय.

प्लायोवाला
स्लायडर होता की.

सरासरीवाला
2023 चे होमरन एकदा पिचनुसार लावून बघा, मग बोलू.