मदत हवी आहे: ३६ तास उरतात, तरी काहीच बसत नाही

आठवड्याचे १६८ तास मांडून पाहिले: झोप ४९, नोकरी-प्रवास ५५, घरकाम-जेवण-आवराआवर २८. व्यायामासारख्या स्वतःच्या गोष्टींसाठी उरतात ३६. कागदावर भरपूर, पण सलग तासभर क्वचितच. बहुतेक २०-३० मिनिटांचे तुकडे, तेही रात्री थकल्यावर.

कॅलेंडरवर तासवार आखणी करून झाली. एक मीटिंग लांबली की पुढचं सगळं घसरतं, आणि दर वेळी बळी व्यायामाचाच जातो. राहिलेलं रविवारी उरकायचं ठरवलं, तर विश्रांतीच उरली नाही.

नोकरीच्या वेळा बदलणार नाहीत, झोप ७ तासांखाली न्यायची नाही. नवीन ॲप नको.

आता विचार असा: ३ महिने एकाच गोष्टीवर भर, बाकीच्यांना फक्त किमान वेळ. असं कोणी केलंय का? ते किमान कसं ठरवलंत, आणि आठवड्यात किती तास मुद्दाम मोकळे ठेवलेत?