सर्दीत मुलाचा डोळा सुजलाय, ईएनटी की डोळ्यांचे डॉक्टर? (अर्जंट)

निशिगंध: मुलगा नऊ वर्षांचा. आठ दिवस सर्दी चालूये, नाकातून हिरवट येतंय, ताप उतरला होता तो काल परत चढला आणि आज उठला तर डाव्या डोळ्याची पापणी टम्म सुजलेली. जवळच्या डॉक्टरांनी डोळे आलेत म्हणून ड्रॉप्स दिले, सासूबाई म्हणतायत सायनस भरलाय, वाफ दे. कोणाला दाखवू?

रानजाई: निशिगंधताई, वाफेत वेळ घालवू नका, आजच जा. माझ्या भाच्याचं अगदी असंच झालेलं. डोळे आले की चिपडं येतात, डोळे चिकटतात, पण डोळा फिरवायला दुखत नाही. भाच्याला मान न हलवता वर बघ म्हटलं तर एक डोळा वर गेला आणि सुजलेला अर्ध्यात अडकला, कळवळला पोरगा. दोन डोळ्यांच्या मधे जे सायनस असतात ना, त्यांच्यात आणि डोळ्याच्या खोबणीत फक्त कागदासारखं पातळ हाड असतं. इन्फेक्शन तिथून आत गेलं की डोळा पुढे ढकलला जातो, नस दाबली तर नजर जाऊ शकते. म्हणून ओपीडीच्या नंबरात बसू नका, जिथे ईएनटी आणि डोळ्यांचे दोन्ही डॉक्टर आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

साधा_माणूस: रानजाईंशी सहमत. मोठ्यांसाठी पण सांगतो, विशेषतः घरात कोणाला डायबिटीस असेल तर. २०२१ मध्ये कोविडनंतर सासऱ्यांची शुगर खूप वाढलेली, स्टिरॉइड्स चालू, आधी गाल बधिर झाला मग एकाचे दोन दिसायला लागले. आम्ही दोन दिवस अशक्तपणा समजत बसलो. म्युकर निघाला, म्हणजे काळी बुरशी. त्यावरच्या ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी रात्रभर फिरलो, जीव वाचला पण डोळा काढावा लागला. ते दोन दिवस अजून डोक्यातून जात नाहीत.

पावसाळी: मला सायनसने डोळ्यांमागे ठणकतं, त्याने चष्म्याचा नंबर वाढतो का?

रानजाई: नाही, नंबर नाही वाढत. पण अंधुक दिसलं किंवा रंग फिके वाटले तर लगेच दाखवा.

निशिगंध: ॲडमिट केलंय. सीटीत पू डोळ्याच्या कडेला साठलेला दिसला, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू आहे, उद्यापर्यंत उतार नाही पडला तर ऑपरेशन म्हणालेत. नर्स थोड्या थोड्या वेळाने येऊन टॉर्च मारते आणि लाल झाकण दाखवून दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल दिसतं का विचारते. आत्तापर्यंत हो म्हणतोय. रानजाईताई, तुमचं वाचून लगेच रिक्षा केली.