ट्रायकोमोनासमधलं हायड्रोजनोसोम म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच का?

लातूर_नीटवाला: सर म्हणतेत युकॅरिओट (पेशीत केंद्रक असलेला जीव) म्हणलं की मायटोकॉन्ड्रिया असणारच, अन टेस्टमधे आलंय की ट्रायकोमोनासला (एकपेशी परजीवी जंतू) मायटोकॉन्ड्रिया नाही, हायड्रोजनोसोम असतं. मग हे दुसऱ्याच कुठल्या बॅक्टेरियापासून आलंय का मायटोकॉन्ड्रियाच बदलून असा झाला? रूमवर यावरून लई भांडण व्हायलंय.

परभणीचा ढोर डॉक्टर: मायटोकॉन्ड्रियाच बदललाय. 1973 ला लिंडमार्क अन म्युलर यांनी हे पहिल्यांदा दाखवलं ते ट्रायट्रायकोमोनास फीटसमधे, म्हणजे आमच्या धंद्यातलाच जंतू, वळूकडून गायीला जातो अन गाभण गाय गाभडते. ह्या हायड्रोजनोसोमला आवरण दुहेरीच असतंय, पायरुव्हेट आत घ्यायचं, ऑक्सिजनशिवाय थोडासा एटीपी (पेशी वापरते ती ऊर्जा) काढायचा अन उरलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनला देऊन हायड्रोजन वायू सोडून द्यायचा. मेट्रोनिडॅझोल हे औषध इथंच काम करतं, हायड्रोजनोसोममधल्या फेरेडॉक्सिनचे (इलेक्ट्रॉन वाहून नेणारं प्रथिन) इलेक्ट्रॉन मिळाले की मगच ते औषध जंतूला विषारी होतंय.

लातूर_नीटवाला: पण ट्रायकोमोनासच्या हायड्रोजनोसोमला स्वतःचा डीएनए नाही म्हणतेत, मग कशावरून?

नांदेड_मायक्रो: त्याच्यामुळंच तर आधी लोक फसले. 1983 मधे कॅव्हेलियर-स्मिथनं आर्किझोआची कल्पना मांडली की जिआर्डियासारखे (आतड्यातला एकपेशी परजीवी) जीव मायटोकॉन्ड्रिया यायच्या आधीच वेगळे झाले. पण 1996 ला ट्रायकोमोनासच्या केंद्रकात मायटोकॉन्ड्रियाच्या वळणाचे एचएसपी60, एचएसपी70 (दुसऱ्या प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारी प्रथिनं) चे जीन सापडले, म्हणजे घर सोडलं तरी सातबारा मागं राहिलाच की. 1998 ला तर झुरळाच्या आतड्यातल्या निक्टोथेरस ओव्हॅलिसच्या हायड्रोजनोसोममधे डीएनए पण सापडला. जिआर्डियात पण 2003 ला मायटोसोम (मायटोकॉन्ड्रियाचंच आणखी लहान झालेलं रूप) निघालं, ते एटीपी बनवतच नाही, नुसतं लोह-गंधकाचे क्लस्टर (बऱ्याच प्रथिनांना लागणारे लोह अन गंधकाचे छोटे गट) जुळवतंय. मला विचारलं तर मायटोकॉन्ड्रियाचं खरं न सुटणारं काम हेच, एटीपी नाही, पुस्तकात मात्र पॉवरहाऊसच्या पुढं कोणी जात नाही.

परभणीचा ढोर डॉक्टर: रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठ्यात निओकॅलिमास्टिक्स नावाची बुरशी असते, तिच्यात पण हायड्रोजनोसोमच. तो हायड्रोजन मिथेन करणारे जंतू वापरतेत, अन मग ढेकरातून मिथेन.

लातूर_नीटवाला: म्हणजे सरांचं बरोबर, सगळ्या युकॅरिओटला काही ना काही असतंच?

नांदेड_मायक्रो: नाही, एक अपवाद 2016 ला सापडला. मोनोसर्कोमोनॉइड्स, चिंचिला नावाच्या प्राण्याच्या आतड्यातला. त्याच्यात मायटोसोमचा पण पत्ता नाही, लोह-गंधकाचं काम बॅक्टेरियाकडून आलेल्या सफ नावाच्या यंत्रणेवर भागवतोय. पण त्याचे पूर्वज मायटोकॉन्ड्रियावालेच होते, नंतर गमावला. वाद अजून आहे तो हायड्रोजन बनवणाऱ्या एन्झाइमचा, ते ज्या बॅक्टेरियापासून मायटोकॉन्ड्रिया झाला त्याच्यासोबतच आले, जसं मार्टिन अन म्युलर 1998 पासून म्हणायलेत, का नंतर दुसऱ्या जंतूंकडून उचलले. रूमवर भांडायचंच असलं तर त्याच्यावर भांडा.