अनुभव धागा: तुमचं आणि फोनचं कधीपासून?

सुरुवात मीच करते. नौपाड्यातल्या आमच्या वाड्यात फोन एकाच घरी, खालच्या काकूंकडे. ताईच्या लग्नपत्रिकेवरही त्यांचाच नंबर, पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. फोनवर क्रोशाचं झाकण, डायलला इवलंसं कुलूप. आमचा फोन आला की काकू जिन्यातून हाक मारायच्या आणि बोलणं संपेपर्यंत तिथेच मटार सोलत बसायच्या. कुणाकडून नकार आला, कुणाचा पगार अडकला, वाड्याला आमच्याआधी कळायचं. तो सात आकडी नंबर अजून पाठ आहे, 2002 साली त्याच्या सुरुवातीला 2 लागला तेही. नवऱ्याचा मोबाइल नंबर मात्र विचारू नका. लिहा तुमचंही.

सानपाडकर:
पहिला मोबाइल घेतला तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. ते 2003 मध्ये थांबलं. तोवर घरी ठरलेलं: एक रिंग म्हणजे गाडी वाशीच्या खाडीपुलावर आली, कुकर लाव. दोन म्हणजे गाडी चुकली. एकदा बायकोने चुकून उचलला. "उचललास कशाला?" म्हणून मी मिनिटभर भांडलो, पैसे मोजून.

ऐरोलीची सून:
सासूबाई 74 वर्षांच्या. यूपीआय 2016 चं, पण त्यांनी हात लावला तो करोनानंतर. भाजीवाल्याच्या डब्यातली बाई 'चाळीस रुपये' म्हणाली की मगच पिशवी उचलायची. परवा डबा गप्प. पैसे गेलेले, भाजीवालाही "जा हो आजी" म्हणतोय, आणि या भर उन्हात उभ्या. बाई काही बोलली नाही ना अजून!

ठाणे पश्चिम:
लोकलच्या तिकिटाचं ॲप नवीन होतं तेव्हाची गोष्ट. फलाटावर उभं राहून तिकीट काढायला गेलो, निघेचना. कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "काका, रुळांपासून लांब जाऊन काढायचं. नाहीतर टीसी दिसल्यावरच सगळे काढतील." पटलं. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर उलटा पळालो, तिकीट निघालं, गाडी गेली. (कूपनं पंच करायचो तेव्हा शाई उमटायची नाही, त्यापेक्षा बरंच म्हणायचं.)

घणसोली:
कंटाळून परत बटणांचा फोन घेतला. अकरा दिवस टिकलो. मुलाच्या शाळेचा ग्रुप.

सानपाडकर:
पुढचं राहिलंच. बायको आता लाइव्ह लोकेशन बघते. ठिपका खाडीवर आला की कुकर चढतो. तरी मी एक रिंग देतो.

ऐरोलीची सून:
उचलतात का?

सानपाडकर:
छे.