माडीवरच्या सागवानी फळ्या कशा सांभाळायच्या?

दहीपूलकर:
आमचा वाडा दहीपुलाजवळ. माडीची जमीन सागवानी फळ्यांची, सासूबाई लग्न होऊन आल्या त्याच्या आधीपासूनची. अलीकडे बाई खालच्या फरशीबरोबर तीही रोज फिनेलच्या पाण्याने पुसते. फळ्या काळपट पडल्यात, तळपायाला खरखरीत लागतात आणि उन्हाळ्यात मध्ये रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी फट पडते. फटी पुट्टीने भरून वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर, मारू, असं एक जण म्हणतोय. माझं मन धजत नाही.

रंधा:
ताई, पुट्टी अजिबात भरू देऊ नका. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मे महिन्यातली फट म्हणजे फळीला श्रावणात फुगायला ठेवलेली जागा. ती कडक भरली की फळ्या एकमेकींना रेटतात, नाहीतर पुट्टीचाच भुगा होऊन खालच्या खोलीत पडतो. पीयूचंही तेच. सागात मुळात तेल असतं, त्यावर तो नीट धरेलच असं नाही. आणि एका जागी उडाला तर तेवढाच दुरुस्त होत नाही, सगळी जमीन घासावी लागते.

आधी ओला पोछा आणि फिनेल बंद. मऊ केरसुणीने झाडा, जिन्याच्या तोंडाशी जाड पायपुसणं ठेवा. पायांबरोबर वर येणारी बारीक वाळूच फळी घासते. पुसायचं तर साध्या पाण्यात फडकं घट्ट पिळून, रेषांच्या दिशेने, आणि लगेच कोरड्याने.

मग पाण्याचा एक थेंब टाकून बघा. मुरला तर पॉलिश गेलंय. पाऊस संपून हवा कोरडी झाली की 120 आणि नंतर 180 नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने मारा. वर आलेले खिळे त्याआधी ठोकून खाली बसवा. डबल बॉइल्ड जवसाचं तेल हार्डवेअरवाल्याकडून आणा, खायचं नको, ते लवकर सुकत नाही. पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन घाला. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढा, नाहीतर चिकट राहील.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. सगळं लाकडाचं घर आहे तुमचं. फडकी पाण्यात भिजवा किंवा बाहेर उघड्यावर पसरून वाळवा.

गंगापूररोडवाला:
काका, आमच्या फ्लॅटमध्ये लॅमिनेट आहे. त्यालाही हेच चालेल?

रंधा:
नाही. ते दाबलेल्या भुश्यावर छापील कागद असतो. पेपर मारलात तर डिझाइनच जाईल, तेल मुरणार नाही. कोरडं झाडा, पिळलेलं फडकं फिरवा. सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात, मग बसत नाहीत.

दहीपूलकर:
काका, दाराजवळ थेंब लगेच मुरला, कपाटाखाली तसाच राहिला. पण तिथे एका फळीच्या फिकट कडेला टाचणीएवढी भोकं आहेत, खाली पांढरट भुसा.

रंधा:
फिकट कड म्हणजे सालीकडचं लाकूड, सागाचंही फक्त तेवढंच किडतं. भुसा झाडून खाली काळा कागद ठेवा. काही दिवसांत पुन्हा पडला तर किडा जिवंत आहे. मग पेस्ट कंट्रोलवाल्याकडून त्या भोकांत सिरिंजने औषध सोडून घ्या. तेल त्यानंतर.