लग्नानंतर कागदपत्रांवर नाव बदलायचं आहे: सुरुवात कुठून करू? (मदत हवी आहे)

सोनटक्का:

नमस्कार मंडळी,

नुकतंच माझं लग्न झालं. माहेर सातारा, सासर पुणे, नोकरीही पुण्यातच. विवाह नोंदणी झाली आहे, प्रमाणपत्र हातात आलंय. आता नावाचा प्रश्न आहे. ओळखीतल्या प्रत्येकाने वेगळा क्रम सांगितला, म्हणून इथे विचारते.

पहिलं नाव बदलायचं नाही, हे लग्नाआधीच ठरलं होतं. तांदळात नाव लिहायचा विधी झाला, पण लिहिलं माझंच नाव. मधलं नाव आणि आडनाव मात्र नवऱ्याचं लावावं असं मला वाटतंय. घरात कुणाचा आग्रह नाही, निर्णय माझाच आहे. तरी अजून एकाही कागदाला हात लावलेला नाही, कारण गुंतागुंत बरीच आहे.

पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे आणि अजून बरीच वर्षं चालेल. त्यावर कामाचा व्हिसा आहे आणि ऑफिस मला पुढच्या काही महिन्यांत बाहेर पाठवण्याची शक्यता आहे. पॅन, पीएफ, दोन बँक खाती, म्युच्युअल फंड सगळं जुन्या नावावर. ओबीसीचा जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आहे, राज्यसेवेच्या परीक्षेला बसायचा विचार अजून सोडलेला नाही. बाबा गेल्यावर गावच्या जमिनीवर वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं आहेत. माझं अर्थातच माहेरच्या नावाने.

त्यात स्पेलिंगची अडचण. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावात डबल ई आहे, आधारवर आय. पॅन गुणपत्रिकेप्रमाणे आहे.

तर आधी आधार की पॅन की पासपोर्ट? राजपत्रात नाव छापून आणावं लागेल का? आणि सातबाऱ्यावरच्या नावाचं काय करायचं? ही जमीन बाबांची आहे, तिथे कसलाही घोळ व्हायला नकोय.

चावडी:

ताई, अजून कशाला हात लावला नाहीत हे फार बरं झालं. मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो, लग्न होऊन आलेल्या मुलींचे हे अर्ज सतत भरत असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कागदावर तुमचं नवं नाव इंग्रजी आणि मराठीत एकदाच लिहून काढा. पहिलं, मधलं, आडनाव, एकेक अक्षर तपासून. नवऱ्याचं नाव त्यांच्या स्वतःच्या आधारवर जसं आहे तसंच तुमच्या मधल्या नावात आलं पाहिजे. पुढच्या प्रत्येक अर्जात हेच, इकडे आद्याक्षर आणि तिकडे पूर्ण नाव असं नको. आपली तीन पदरी नावं असल्यामुळे अर्ध्या अडचणी इथेच होतात. काही फॉर्ममध्ये मधल्या नावाला वेगळा रकाना असतो, काहींत नसतो. नसेल तर पहिल्या नावाच्या रकान्यातच तुमचं आणि नवऱ्याचं नाव सलग लिहायचं, आडनाव वेगळं.

मग आधार. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून स्पेलिंगची दुरुस्ती आणि नवं नाव हे एकाच अर्जात करा, दोन वेगळ्या खेपा करू नका. स्पेलिंग गुणपत्रिकेसारखं करून घ्या, कारण गुणपत्रिका बदलणार नाही, बाकीचे कागद बदलतील. विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत घेऊन आधार सेवा केंद्रात जा, सोबत गुणपत्रिका आणि जुन्या नावाचं फोटो ओळखपत्रही ठेवा. पत्ता सासरचा करायचा असेल तर तोही त्याच वेळी. आणि एक, हल्ली आधारवर पत्त्यात नुसतं ‘केअर ऑफ’ येतं, नातं छापत नाहीत. ते बघून बऱ्याच जणी घाबरतात, ‘पत्नी’ का लिहिलं नाही म्हणून. त्यात काही चूक नाही.

पावती देण्याआधी ऑपरेटर नाव वाचायला देतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शांतपणे वाचा. मराठीतलं नाव पुष्कळदा मशीन आपोआप लिहितं आणि तिथे वेलांटी नाहीतर अनुस्वार चुकतो.

राजपत्राचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत मला गरज दिसत नाही. प्रमाणपत्रावर तुमचं माहेरचं पूर्ण नाव आहे आणि नवऱ्याचं पूर्ण नाव आहे, त्यावरून नवं नाव कसं झालं हे कळतं. पहिलं नाव बदललं असतं किंवा दोन्ही आडनावं जोडून लावायची असती, तर मी आधी राजपत्रच करायला सांगितलं असतं. त्याचा अर्ज शासन मुद्रणालयाकडे ऑनलाइन करता येतो आणि नाव महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये येतं.

आकडेमोड:

चावडी यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे, पॅन आधारनंतरच. आधारवर आधारित ऑनलाइन अर्ज केला तर पॅनवर नाव आधारप्रमाणेच येतं, त्यामुळे दोन्हींत फरक राहत नाही. पॅन क्रमांक बदलत नाही, फक्त नाव बदलतं. अर्जात बदल किंवा दुरुस्तीचा पर्याय निवडायचा. नवा पॅन काढायचा नाही, दोन पॅन बाळगणं हा कायद्याने दंडनीय प्रकार आहे.

इथे एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक अशिलाला मुद्दाम सांगतो. पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव विचारतात, विवाहित स्त्रीलाही. तिथे नवऱ्याचं नाव लिहायचं नाही. तुमच्या नावात मधे नवऱ्याचं नाव आलं तरी वडिलांच्या रकान्यात तुमचे बाबाच राहतात, ते हयात नसले तरी.

पॅन झालं की त्याच आठवड्यात बँक. आयकराचा परतावा ज्या खात्यात येतो त्याची आधी पडताळणी होते आणि त्यात पॅनवरचं व खात्यावरचं नाव जुळावं लागतं. विवरणपत्र भरायच्या ऐन मोसमात हे बदल करू नका, एवढं माझं ऐका. म्युच्युअल फंडाला प्रत्येक कंपनीकडे वेगळं जावं लागत नाही, केवायसीत एकदा नाव बदललं की ते सगळीकडे पोचतं. तरी महिनाभराने प्रत्येक फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, उघडून पाहा. जुने नॉमिनीही तेव्हाच तपासून घ्या.

पीएफचं पूर्वी फार किचकट होतं. जानेवारी २०२५ पासून, ज्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आहे आणि आधारने पडताळलेला आहे, त्यांना नाव स्वतःच ऑनलाइन बदलता येतं, कंपनीची मंजुरी लागत नाही. त्याआधीचा यूएएन असेल तर कंपनीमार्फत जा. नोकरी बदलायच्या आधी हे उरकून घ्या.

सोनटक्का:

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांच्या रकान्याचं वाचून बरं वाटलं, खरं सांगते.

पासपोर्टचं कुणी सांगेल का? आधार नव्या नावाने आणि पासपोर्ट जुन्या, असं काही महिने राहिलं तर चालतं का?

दूरदेशी:

चालतं. पासपोर्ट त्याची मुदत संपेपर्यंत वैध असतो, लग्न झालं म्हणून तो रद्द होत नाही. दौरा समोर असेल तर तो होऊ द्या आणि मग पासपोर्ट करा. फक्त तिकीट, हॉटेल, विमा, ऑफिसचं पत्र सगळं पासपोर्टवरच्या नावाने हवं. ऑफिसात आधी नाव बदललं की प्रवास विभाग नव्या नावाने तिकीट काढतो आणि विमानतळावर प्रश्न उभा राहतो. त्यांना आधीच लेखी कळवा.

नाव बदलायला पासपोर्टमध्ये दुरुस्ती नसते, पुन्हा नवा पासपोर्ट द्यावा लागतो, म्हणजे क्रमांकही बदलतो. साध्या अर्जाचं, ३६ पानी पुस्तिकेचं शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळला २,००० जास्त. जुनी पुस्तिका रद्द करून परत देतात. तिच्यातला व्हिसा शिल्लक असेल तर ती टाकून देऊ नका. पण नाव बदलल्यावर तोच व्हिसा चालेल की नवा घ्यावा लागेल, हे त्या त्या देशाच्या दूतावासाकडूनच विचारून घ्यायचं. मी म्हणूनच व्हिसाची मुदत संपेपर्यंत थांबले होते आणि मग निवांत नवा पासपोर्ट केला.

अबोली:

मी नाव बदललेलं नाही, लग्नाला वीस वर्षांहून जास्त झाली. सोनटक्का, तुझा निर्णय झालाय आणि तो तुझा आहे, त्यामुळे त्याविरुद्ध बोलत नाही. पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्या मुलींसाठी लिहायलाच हवं: लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. बँकेत, शाळेत, सोसायटीत कुणीही ‘बदलावं लागतं’ म्हणालं तर नियम दाखवा म्हणावं. कुठे नातं सिद्ध करायचं असेल तर विवाह प्रमाणपत्र पुरतं, मुलीच्या शाळेपासून दवाखान्यापर्यंत माझं त्याच्यावर भागलंय.

माझ्या धाकट्या बहिणीने सगळं बदललं होतं, पुढे घटस्फोट झाला. मनाने खचलेली असताना हेच सगळे कागद उलट फिरवायचे, शिवाय आधारची दुसरी आणि शेवटची संधी त्यात जाते. तिच्याबरोबर मी त्या रांगांत उभी राहिले आहे. निदान एक दिलासा, आपल्या राज्यात कौटुंबिक न्यायालयाच्या नियमांत २०११ साली बदल झाला आणि अर्ज माहेरच्या नावाने करता येतो, नवऱ्याचंच नाव लावा अशी सक्ती करता येत नाही.

आणि बदलणार असाल तर मूल व्हायच्या आधी सगळे कागद एका नावावर आणा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर आईचं नाव येतं. दवाखाना जन्माच्या नोंदीसाठी आईचं नाव तिच्या आधारवरून लिहितो. ते एकदा चुकलं की ती चूक लेकराच्या प्रत्येक कागदावर उतरते.

मांडवीकाठ:

गोव्यातल्या मुलींनी हे वाचताना लक्षात ठेवावं की आमच्याकडे नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि लग्नाची नोंदणीही निराळी, नागरी नोंदणी कार्यालयात. महाराष्ट्रातली पद्धत जशीच्या तशी इथे लागू करू नका.

गावठाण:

सातबाऱ्याचा प्रश्न राहिला, तो सगळ्यांत महत्त्वाचा म्हणून लिहितो.

सोनटक्का, तुमचा हक्क नावामुळे आलेला नाही, तुम्ही वडिलांच्या वारस आहात म्हणून आलाय. नाव बदललं म्हणून तो एका गुंठ्यानेही कमी होत नाही. काळजी एवढीच घ्यायची की उद्या खरेदीखत, वाटणीपत्र, पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, असं काहीही आलं तेव्हा आधारवरची बाई आणि सातबाऱ्यावरची बाई एकच आहे हे सिद्ध करता आलं पाहिजे. त्यासाठी विवाह प्रमाणपत्राच्या दोन-तीन साक्षांकित प्रती कायम जपा आणि त्यातली एक आईकडे ठेवा. सातबाऱ्यावरही बदल हवा असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, अर्ज द्या. फेरफार मंजूर झाला की उतारा काढून नाव आणि क्षेत्र दोन्ही तपासा. नाव बदलण्याच्या निमित्ताने कुणी हक्कसोड पत्र पुढे केलं तर सही करू नका, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

जातीचा दाखला आणि वैधता माहेरच्याच नावाने राहू द्या. जात वडिलांकडून येते, लग्नाने बदलत नाही. राज्यसेवेचा अर्ज भराल तेव्हा जोडीला विवाह प्रमाणपत्र लावायचं. जाहिरातीत विवाहित उमेदवारांसाठी नावातल्या बदलाचा पुरावा कोणता हवा ते लिहिलेलं असतं, ते दर वेळी नव्याने वाचा. कधीकधी राजपत्रही मागतात, त्यामुळे परीक्षेचा विचार खरंच असेल तर चावडींपेक्षा वेगळं सांगतो: राजपत्र आत्ताच करून ठेवा.

सोनटक्का:

गावठाण दादा, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. राजपत्राचा अर्ज भरतेच आहे. मग आधार, पॅन, बँक, पीएफ, या क्रमाने. पासपोर्ट दौऱ्यानंतर. सातबाऱ्याचा अर्ज भावासोबत गावी जाऊन देईन. अबोलीताई, तुमचं लिहिणं मनात राहिलं आहे. नवऱ्यालाही वाचायला दिलं.

एक शेवटचं विचारते. माझी सही माहेरच्या आडनावासकट आहे. ती बदलावीच लागेल का?

आकडेमोड:

बंधन नाही. सही म्हणजे नाव नव्हे, ती तुमची खूण आहे. पॅनच्या अर्जावर जी कराल तीच बँकेत आणि केवायसीत करा, एवढंच बघा. जुने धनादेश मात्र वापरू नका, नव्या नावाचं चेकबुक मागवून घ्या.