भिंत मिळाली, रंगाचं जमतंय, रंगवणाऱ्यांच्या मजुरीचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. आमच्या वस्तीला लागून एक भिंत आहे, ६० फूट लांब, १० फूट उंच, ती रंगवायची लेखी परवानगी मिळालीय. एका टोकाला मुक्ता साळवे, म्हणजे फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी, जिनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला ती. दुसऱ्या टोकाला आपल्या वाटेगावचे अण्णाभाऊ. आणि मधे आमच्याच वस्तीतल्या बायका, पहाटे पोती घेऊन कचरा वेचायला निघालेल्या.

रंगवणारे चौघं. दोघं पूर्वी दुकानांच्या पाट्या करायचे, फ्लेक्स आला आणि धंदा बसला, आता सेंट्रिंगच्या कामावर जातात. एक ताई, जिचं आर्टचं शिक्षण फीपायी अर्धवट राहिलं. आणि एक पोरगा पोतराजाच्या घरातला, आजोबांचा आसूड अजून घरात खुंटीला आहे, तो त्याला चित्रात कुठंतरी घ्यायचाच आहे.

खर्च असा की भिंत २०१९ च्या पुरात पाण्यात होती, खालचे पोपडे खरवडून पुट्टी, प्रायमर, रंग धरून २५ हजार, परांचीचं भाडं ६ हजार, आणि चौघांची १२ दिवसांची मजुरी ९०० रुपयांनी ४३,२००. रंगाला पैसे द्यायला लोक तयार आहेत हो, मजुरी म्हटलं की "अरे समाजकार्य आहे ना, पोरांनी फुकट करावं". वाढदिवसाचा फ्लेक्स छापणाऱ्याला असं कोण म्हणत नाही! एक साहेब ५० हजार देतो म्हणाले, पण कोपऱ्यात त्यांचा फोटो पाहिजे आणि कचरावाल्या बायका काढून "काहीतरी पॉझिटिव्ह" घ्या म्हणे. नको म्हणून आलो. बरोबर केलं का माहीत नाही, घरी शिव्या खाल्ल्या.

तर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा, पैसा अशा कामाला मिळतो का? आमचं मंडळ रजिस्टर नाही. दुसरा कुठला रस्ता आहे का?

प्रतिसाद:
दादा, कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये कला-संस्कृती बसते, पण बिनरजिस्टर मंडळाला कंपनी पैसे देत नाही. १२ए, ८०जी (या दोन्ही इन्कम टॅक्सकडच्या नोंदण्या), सीएसआर-१ नंबर (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) आणि ३ वर्षांचं काम असलेली संस्था मधे घ्यावी लागेल. तिच्याशी आधीच लिहून घ्या की चित्रात काय असेल ते चित्रकार ठरवणार आणि मजुरी थेट त्यांच्या खात्यावर जाणार. बंगळूरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाकाराला त्याच्या स्वतःच्या नावावर अनुदान देते, ताईंना अर्ज करायला सांगा, मात्र तिथं घाई चालत नाही. आणि परदेशातनं कोणी पैसे पाठवतो म्हणालं तर तो भारतीय नागरिक आहे का हे आधी विचारा, नाहीतर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, भानगड होईल.

मूळ धागाकर्ता:
आभारी आहे. म्हणजे पहिली अडचण संस्थेचीच. सांगली-मिरजेत असे कागद पूर्ण असलेली संस्था कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मी चौघांना घेऊन भेटायला येतो. आसूडवाल्या पोरानं वहीत कच्चं चित्र काढलंय, तेही आणतो.